लॅन कार्ड स्वस्त, हमाली महाग: नेटवर्क ड्रायव्हर आत नेमकं काय करतो

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रांचं काय करायचं, हा प्रश्न घराघरांत येऊन बसला. अनेकांनी त्यांवर लिनक्स घातलं, काही हौशी मंडळींनी फ्रीबीएसडी. त्यानंतरची तक्रार ठरलेली असते: नेट लागत नाही, ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू? नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही.

त्यात गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की पंचवीस वर्षांपूर्वीचं स्वस्तातलं कार्ड खुपसलं तर ते बहुधा काही न करता चालू होतं, आणि नव्या मदरबोर्डावरचं पोर्ट मात्र कधीकधी अडून बसतं. हे असं उलटं का होतं ते समजून घ्यायचं तर एक चिप पकडून तिच्या ड्रायव्हरच्या आत डोकावणं बरं. मी मुद्दाम एक बदनाम चिप निवडली आहे: तैवानच्या रिअलटेक कंपनीची ८१३९. शंभर मेगाबिटच्या जमान्यातली ही चिप आपल्याकडेही भरपूर विकली गेली, फक्त खोक्यावर नाव तिचं नसे. डी-लिंकचं डीएफई-५३८टीएक्स हे कार्ड ज्यांनी सायबर कॅफेच्या काळात हाताळलं असेल, त्यांनी ८१३९ हाताळली आहे.

## ड्रायव्हर म्हणजे कोण?

युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींमध्ये, म्हणजे लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी वगैरेंमध्ये, सगळ्यात आत एक गाभा असतो. त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाला किती, हे तो ठरवतो. ब्राउझरने ‘हे पाठव’ म्हटलं की कर्नल त्या मजकुराचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकावर पत्ते चिकटवतो. अशा एका तुकड्याला पॅकेट म्हणू. पॅकेट तयार होईपर्यंत कोणतं कार्ड लावलंय याच्याशी कर्नलला कर्तव्य नसतं. त्यानंतर मात्र प्रत्येक चिपची बोली वेगळी. ८१३९ शी ८१३९ च्या बोलीत बोलणारा कर्नलमधला प्रोग्रॅम म्हणजे तिचा ड्रायव्हर.

मार्केट यार्डातला एक गाळा डोळ्यांसमोर आणा. रस्ता म्हणजे केबल. गाळ्यापुढचा धक्का म्हणजे लॅन कार्ड. आतलं गोदाम म्हणजे संगणकाची मेमरी. हमाल म्हणजे प्रोसेसर. आणि गल्ल्याजवळ बसून ‘ही गाडी इकडे लाव, ती पोती तिकडे उचल’ असं सांगणारे दिवाणजी म्हणजे ड्रायव्हर. दिवाणजी स्वतः ओझं उचलत नाहीत, त्यांच्या शब्दावर हमाल राबतो. धक्क्याची रचना चांगली असेल तर गाडीतला माल थेट गोदामात ठरलेल्या जागी पडतो आणि हमालाला हात लावावा लागत नाही. रचना वाईट असेल तर तोच माल दोनदा उचलावा लागतो. पुढचा सगळा लेख या दोनदा उचलण्याबद्दल आहे.

दिवाणजी आणि धक्का यांच्यातलं बोलणं अगदी कोरडं असतं. चिपमध्ये ठरलेल्या जागी छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक कप्प्यात अमुक आकडा लिहिला की चिप स्वतःला रिसेट करते. दुसऱ्यात मेमरीतला पत्ता लिहिला की तिथून माल उचलते. तिसरा वाचला की काय घडलं ते कळतं. कोणता कप्पा कशासाठी, हे चिपच्या माहितीपत्रकात असतं, आणि ते पत्रक मिळतं की नाही यावर बरंच काही ठरतं.

## कर्नलला कळतं कसं की हे कार्ड कोणाचं?

मदरबोर्डावरच्या पीसीआय खाचेत लावलेलं प्रत्येक कार्ड विचारल्यावर दोन क्रमांक सांगतं: बनवणारा कोण आणि मॉडेल कोणतं. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी. मॉडेलचा क्रमांक सरळ ८१३९. प्रत्येक ड्रायव्हरकडे आपल्याला जमणाऱ्या क्रमांकांची यादी असते. यंत्र सुरू होताना क्रमांक यादीशी जुळला की ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो.

फ्रीबीएसडीत हे नावातच दिसतं. ८१३९ च्या ड्रायव्हरचं नाव ‘आरएल’, म्हणून पहिलं कार्ड ‘आरएल०’. इंटेलचं असेल तर ‘ईएम०’. लिनक्सवर पूर्वी सगळ्यांना सरसकट ‘ईटीएच०’ म्हणत, आता कार्ड कोणत्या खाचेत आहे त्यावरून लांबलचक नाव पडतं. मला विचाराल तर बीएसडीची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते: आपण कोणाच्या भरवशावर आहोत ते समोर लिहिलेलं असतं.

ही ओळखपरेड वाटते तितकी सोपी नाही. डी-लिंकच्या कार्डावर क्रमांक डी-लिंकचा आणि आत चिप रिअलटेकची, म्हणून यादीत तोही घालावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे रिअलटेकने पुढे ८१३९ सी प्लस नावाची सुधारित चिप काढली. तिची आतली रचना बरीच वेगळी, पण मॉडेल क्रमांक तोच ठेवला. आता जुन्या ड्रायव्हरने ताबा घेण्याआधी आवृत्तीचा क्रमांकही तपासायचा आणि नवी चिप निघाली तर हात मागे घ्यायचा. लिनक्समध्ये यासाठी दोन निरनिराळे ड्रायव्हर आहेत आणि पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवून बाजूला होतो.

## पाठवताना: चारच गाड्या

आता कामाला लागू. आधुनिक कार्ड गोदामातला माल स्वतः उचलतात. मेमरीतला पत्ता सांगितला की प्रोसेसरला न विचारता वाचून घेतात. याला डीएमए म्हणतात. ८१३९ लाही हे येतं. म्हणजे कागदावर ती चांगली चिप.

पण तिच्या अटी पाहा. पाठवायचं पॅकेट मेमरीत सलग हवं. कर्नल मात्र पॅकेट तुकड्यातुकड्यांत ठेवतो, कारण पत्त्यांचे थर एकावर एक चढत जातात आणि दर वेळी सगळं हलवणं परवडत नाही. दुसरी अट, पॅकेटची सुरुवात चार बाइटच्या सीमेवरच, म्हणजे मेमरीतल्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच, हवी. लॅनच्या तारेवरची बोलण्याची पद्धत म्हणजे इथरनेट; तिचं पॅकेटच्या पुढे लागणारं शीर्ष १४ बाइटचं असल्यामुळे हे गणित सहसा जुळत नाही. मग दिवाणजी काय करणार? हमालाला सांगतात, सगळे तुकडे उचल, एका सलग जागी नीट मांड, आणि मग धक्क्याला हाक मार. जी मेहनत वाचावी म्हणून डीएमए आणलं, तीच पुन्हा पदरात.

शिवाय धक्क्यावर एका वेळी चारच गाड्या लागतात. ८१३९ मध्ये पाठवणीचे कप्पे मोजून चार. पाचवं पॅकेट तयार असलं तरी आधीचं एक रवाना झाल्याशिवाय ते चिपला सांगताच येत नाही. चांगल्या कार्डांत हीच यादी मेमरीत ठेवलेली असते आणि तिच्यात शेकडो नोंदी मावतात.

## घेताना: सगळा माल एका ढिगात

येणाऱ्या मालाची गोष्ट आणखी मजेशीर. चांगल्या कार्डाला ड्रायव्हर आधीच रिकाम्या जागांची यादी देऊन ठेवतो. पॅकेट आलं की कार्ड यादीतली पुढची जागा भरतं, ड्रायव्हर ती भरलेली जागा जशीच्या तशी वर सोपवतो आणि यादीत नवी रिकामी जागा घालतो. माल हलत नाही, फक्त नोंद हलते.

८१३९ ला यादी समजत नाही. तिला गोदामात एक मोठी सलग जागा द्यायची, जास्तीत जास्त ६४ किलोबाइटची. आलेली पॅकेट्स ती तिथे एकापाठोपाठ एक ओतत जाते. प्रत्येकाच्या आधी चार बाइटची चिठ्ठी: अवस्था आणि लांबी. जागेच्या शेवटाला पोचली की पुन्हा सुरुवातीपासून. पॅकेट कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे आधी माहीत नसल्यामुळे ती जागा वर सोपवता येत नाही. एकच मार्ग उरतो: चिठ्ठी वाचा, तेवढा माल उचलून वेगळ्या पोत्यात भरा, आणि चिपला सांगा की इथपर्यंत रिकामं केलंय.

हे सांगण्यातही एक खोच आहे. ‘इथपर्यंत वाचलं’ हा आकडा लिहिताना तो खऱ्यापेक्षा १६ ने कमी लिहावा लागतो. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये हे उणे सोळा शांतपणे बसलेलं आहे. अशी खोच माहीत नसेल तर कार्ड काही काळ चालतं आणि मग कारण न देता बंद पडतं.

फ्रीबीएसडीचा आरएल ड्रायव्हर बिल पॉल यांनी लिहिला आणि तो १९९८ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी ३.० पासून आहे. ड्रायव्हरच्या सुरुवातीलाच त्यांनी या चिपची अशी काही हजेरी घेतली आहे की ती टिप्पणी ड्रायव्हरपेक्षा जास्त प्रसिद्ध झाली. आजवर निघालेल्या पीसीआय इथरनेट चिपांतली बहुधा सर्वांत वाईट, असा त्यांचा निवाडा, आणि या रचनेतून शंभर मेगाबिटचा वेग काढायचा तर चारशे मेगाहर्ट्झचा पेंटियम टू किंवा तसाच दांडगा प्रोसेसर हवा, ही तक्रार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

## पॅकेट आलं हे प्रोसेसरला सांगतं कोण?

कार्ड घंटा वाजवतं. तिला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम टाकून प्रोसेसर ड्रायव्हरकडे धावतो. ऐकायला ठीक, पण आकडे पाहा. शंभर मेगाबिटच्या तारेवरून पूर्ण भरलेली १५०० बाइटची पॅकेट्स सेकंदाला सुमारे ८,१०० येऊ शकतात. सगळ्यात लहान पॅकेट्स असतील तर सुमारे १,४८,८००. गिगाबिटवर या आकड्यांना दहाने गुणा. प्रत्येकासाठी घंटा वाजली तर हमाल दिवसभर धक्क्यापर्यंत धावतच राहील आणि गोदामातून एकही पोतं गिऱ्हाइकापर्यंत जाणार नाही. यंत्र चालू असतं, तापलेलं असतं, पण काम शून्य. ही अवस्था जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये नीट मांडून दाखवली.

उपाय सरळ आहे: पहिली घंटा वाजली की ती बंद करायची, आणि माल संपेपर्यंत दिवाणजींनीच हमालाला ठरावीक पोत्यांच्या फेऱ्या मारायला लावायच्या. माल संपला की घंटा पुन्हा चालू. लिनक्समध्ये याला एनएपीआय म्हणतात. फ्रीबीएसडीसाठी पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांनी याच जातीची व्यवस्था केली. आज जवळजवळ प्रत्येक वेगवान कार्डाचा ड्रायव्हर कोणत्या ना कोणत्या रूपात हेच करतो.

## एवढी वाईट होती तर ८१३९ चालली कशी?

स्वस्त होती म्हणून, हे अर्धं उत्तर. चिपमध्ये मोठी यादी सांभाळणारं सर्किट घालायचं नाही, ते काम ड्रायव्हरवर ढकलायचं, म्हणजे चिप स्वस्त. हमाली गिऱ्हाइकाच्या प्रोसेसरने भरायची. प्रोसेसर दर दोन वर्षांनी वेगवान होत गेले आणि ही हमाली कोणाला जाणवेनाशी झाली. रिअलटेकचा हिशेब, नावडला तरी, बाजाराच्या दृष्टीने बरोबर निघाला.

उरलेलं अर्धं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिपचं माहितीपत्रक मिळत होतं. बिल पॉल इतक्या कडवटपणे लिहू शकले, कारण कप्पा कप्पा तपासायला कागद हातात होता. त्या काळात लिनक्ससाठी इथरनेट ड्रायव्हरांचा मोठा साठा डोनाल्ड बेकर यांनी लिहिला. ते नासाच्या गोडार्ड केंद्रात होते आणि १९९४ मध्ये साध्या पीसी एकमेकांना जोडून महासंगणकासारखं काम करून घेण्याचा बिओवुल्फ प्रकल्प तिथे चालू होता. स्वस्त कार्डांना चांगले ड्रायव्हर हवेत, ही त्यांची खरीखुरी गरज होती. त्यांच्याच कामावर पुढे ८१३९ चा लिनक्स ड्रायव्हर उभा राहिला.

म्हणून आजही ही चिप मरत नाही. क्वेमू हा आभासी यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम तिची नक्कल करतो, कारण तिचा ड्रायव्हर सगळीकडे आहे. खरी चिप नाही, तार नाही, तरी आतली प्रणाली चार कप्प्यांत पत्ते लिहिते आहे.

## ड्रायव्हर बिघडला तर फार तर नेट जाईल ना?

हा आक्षेप नेहमी येतो. तो चुकीचा आहे. ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणजे गोदामाची सगळी किल्ली त्याच्याकडे असते.

इथरनेटवर पॅकेट किमान ६० बाइटचं लागतं (शेवटी तपासणीचे चार बाइट जोडले जातात ते वेगळे). ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारणारं एआरपी पॅकेट शीर्षासकट ४२ बाइटचं असतं. म्हणजे १८ बाइट भरताड घालायला हवं. ८१३९ हे स्वतः करत नाही, ड्रायव्हरने करायचं. आळशी ड्रायव्हर काय करतो? लांबी ६० लिहितो आणि पुढच्या १८ बाइटांत मेमरीत आधीचं जे पडलं असेल ते जाऊ देतो. तिथे मघाच्या दुसऱ्याच कोणाच्या पॅकेटचा तुकडा असू शकतो. जानेवारी २००३ मध्ये ॲटस्टेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक प्रणालींचे कितीतरी ड्रायव्हर नेमकं हेच करत होते. या दोषाला इथरलीक असं नाव पडलं. आरएल ड्रायव्हरमध्ये भरताड शून्यांनी पुसून घेणाऱ्या ओळी आहेत आणि शेजारी एक खोचक टीप: सुरक्षेची काळजी करणाऱ्यांच्या समाधानासाठी.

दुसरं उदाहरण २००८ चं. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असताना इंटेलच्या काही कार्डांची कायमची स्मृतीच पुसली जाऊ लागली. रीस्टार्ट करूनही कार्ड जिवंत होईना, कारण स्वतःची ओळखच त्यावर उरलेली नव्हती. संशय साहजिकच ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला, आणि काही वितरणांनी, म्हणजे लिनक्सचे तयार संच देणाऱ्यांनी, चाचणी आवृत्त्यांतून तो तात्पुरता काढून टाकला. शेवटी सापडलं ते वेगळंच. कर्नलच्या हालचाली टिपणारी एफट्रेस नावाची सोय जुन्या, सोडून दिलेल्या पत्त्यांवर लिहीत होती, आणि त्याच पत्त्यांवर आता कार्डाची स्मृती मांडली गेली होती. दिवाणजी निर्दोष होते. तरी दुरुस्तीत त्यांच्यावरही जबाबदारी आली: कार्डाच्या स्मृतीला कुलूप घालून ठेवायचं.

नकली चिपही यातून सुटत नाही. क्वेमूतल्या ८१३९ च्या नकलेत २०१५ साली असा दोष सापडला की आतल्या पाहुण्या प्रणालीला यजमान प्रोग्रॅमची मेमरी वाचता येत होती.

## मग कंपनीनेच ड्रायव्हर का देऊ नये?

देतात की. रिअलटेक स्वतः लिनक्ससाठी ड्रायव्हर देते, फ्रीबीएसडीसाठीही देते. अडचण नंतरची आहे. लिनक्स कर्नलची आतली रचना सतत बदलते आणि बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ती स्थिर ठेवायचं कोणी कबूल केलेलं नाही. कर्नलमध्येच असलेला ड्रायव्हर बदल करणारी माणसं सोबतच दुरुस्त करतात. बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि एखाद्या अपडेटनंतर बांधला गेला नाही की सकाळी नेट गायब.

सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. ८१३९ चं पत्रक उपलब्ध, ड्रायव्हर आत, हजारो डोळ्यांखालून गेलेला. आजच्या अनेक मदरबोर्डांवर असलेली रिअलटेकची ८१२५, अडीच गिगाबिटची, हिची गोष्ट वेगळी. ओपनबीएसडीने तिच्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला, लिनक्सच्या आतल्या ड्रायव्हरने तिला सामावून घेतलं, पण फ्रीबीएसडीच्या मूळ संचात तिला बरीच वर्षं जागा नव्हती आणि लोक रिअलटेकचाच ड्रायव्हर वेगळा घालत राहिले. चिप चांगली आहे, ८१३९ पेक्षा कितीतरी चांगली. पण कंपनी कागदपत्रांबाबत ताकास तूर लागू देत नसेल तर बाहेरच्या माणसाला कंपनीचा ड्रायव्हर वाचून अंदाज बांधत बसावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

## तुमच्या यंत्रावर नेट अडलं असेल तर

आधी खोक्यावरचं नाव विसरा आणि क्रमांक काढा. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएन’ या पर्यायासह (lspci -nn), फ्रीबीएसडीवर ‘पीसीआयकॉन्फ’ ही ‘एलव्ही’सह (pciconf -lv). इथरनेट लिहिलेल्या नोंदीत बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा असे दोन्ही क्रमांक दिसतील. त्यानंतर ‘डीमेसेज’ (dmesg) चालवून यंत्र सुरू होतानाच्या नोंदी पाहा: ड्रायव्हरने ताबा घेतला का, घेतला असेल तर कोणत्या नावाने. ताबा घेतलेला असूनही नेट नसेल तर केबल, राउटर किंवा आयपी पत्त्याकडे वळा. ड्रायव्हर शोधत बसू नका.

ताबाच घेतलेला नसेल तर ड्रायव्हर हवाय, आणि नेट नसताना तो आणायचा सोपा मार्ग खिशात आहे. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट संगणकाला देण्याची सोय, चालू करा. फोन संगणकाला एक नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये सहसा आधीपासून असतो. फ्रीबीएसडीवर तो मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलला नंतर जोडायचा तुकडा म्हणून, चढवावा लागू शकतो. कोणाला मदत मागणार असाल तर ‘माझं लॅन चालत नाही’ एवढंच न लिहिता ते दोन क्रमांक आणि कर्नलची आवृत्ती लिहा. उत्तर देणारा पहिल्यांदा तेच विचारणार आहे.